वेणीमाधव दीक्षित, पिंजरा क्रमांक सात

वेणीमाधव दीक्षित हे तरस आहेत, ही बातमी पंचवटीत सोमवारी सकाळी साडेसातला पोचली आणि साडेआठपर्यंत बऱ्याच जणांना पटलीसुद्धा.

बातमी आणली योगिनीकाकूंनी. दीक्षितांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या काकू रोज पहाटे गंगेपलीकडच्या (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) गोदातीर प्राणिउद्यानात फिरायला जातात. फिरणं कमी आणि थांबणं जास्त, असा त्यांचा व्यायाम असतो. त्या दिवशी त्या सात नंबरच्या पिंजऱ्यापुढे थांबल्या, फलक वाचला, परत वाचला, फोटो काढला आणि घरी पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे आपलेच का?"

फलक पिवळा होता, अक्षरं काळी होती आणि मजकूर असा होता:

"पट्टेरी तरस. नाव: वेणीमाधव. वय: ५१. वजन: ८४ किलो. वास्तव्य: पंचवटी. स्वभाव: बाहेरून चिडका, आतून प्रेमळ. रागावला की मानेवरचे केस उभे राहतात. दुपारी दोन ते चार झोपतो, त्या वेळी उठवल्यास अंगावर येतो. घोरण्याचा आवाज लांबून ऐकू येतो. आवड: शेंगोळी, पुरणपोळी. जोडीदार: इंदिरा, वय ४७. तिच्याशिवाय जेवत नाही."

त्याखाली लाल अक्षरांत: "दगड मारू नयेत."

हे सगळं दीक्षितांच्या मुलीने, आभाने लिहिलं होतं. पण तिने ते तरसाबद्दल लिहिलंच नव्हतं! गोष्ट साधी होती. उद्यानात नवे प्राणी आले होते आणि ते शाळेतल्या मुलांना दत्तक मिळणार होते, तेही फुकट. फक्त अर्ज भरायचा, आणि पिंजऱ्यावर घरातल्या मोठ्यांचं नाव लागणार. येत्या रविवारी बाबांचा वाढदिवस. पन्नाशीला आभाने त्यांना पेन दिलं होतं, ते त्यांनी तीन दिवसांत हरवलं. तरस हरवणं अवघड, असा तिने विचार केला. खरं तर तिला चितळ हवं होतं, पण चितळं पहिल्या तासातच संपली, आणि शेवटी जो रकाना उरला होता त्यात 'शिल्लक असेल ते चालेल' असं होतं. तिने बरोबरची खूण केली.

पुढच्या पानावर रकाने होते: नाव, वय, वास्तव्य, स्वभाव, सवयी. कोणाचं नाव आणि कोणाच्या सवयी, ते लिहिलेलं नव्हतं. आभा नुकतीच आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आली होती आणि तेव्हापासून तिला थोडक्यात काही सांगताच येईनासं झालं होतं. तिने बाबांबद्दल मन लावून, प्रेमाने, दीड पान लिहिलं. फलक रंगवणाऱ्याने त्यातलं निवडक घेतलं. त्याने निवडलं मात्र अगदी नेमकं, हे पुढे आईनेही कबूल केलं.

बाबांनी फोटो पाहिला तेव्हा ते रामकुंडावर निघायच्या तयारीत होते. उपरणं खांद्यावर, चष्मा कपाळावर. त्यांनी चष्मा खाली घेतला, फोटो मोठा केला, वाचला आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं:

"एकेरी? मला एकेरी?"

"बाबा, मी 'रागावतात' असंच लिहिलं होतं, शप्पथ! त्यांनी तरसाला..."

"इंदिरा," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "तुझ्या मुलीला सांग, मी तिच्याशी बोलत नाही."

मान तांबडी झाली होती आणि मानेवरचे केस... जाऊ दे. आभाने तिकडे बघितलंच नाही.

आई सहकारी बँकेत आहे. ती डबा भरता भरता इतकी हसली की भाजीचा रस तिच्या पर्समध्ये गेला. "अहो, चांगलं लिहिलंय की. आतून प्रेमळ म्हटलंय."

"रविवारी चांदवडचे येताहेत," बाबा म्हणाले. आणि आई हसायची थांबली.

चांदवडचे म्हणजे बाबांचे सात पिढ्यांचे यजमान. हे सांगायलाच हवं, कारण सगळी पंचाईत तिथेच आहे. दीक्षितांच्या घरात लाल कापडात बांधलेल्या वह्या आहेत. कोण यजमान कधी गंगेवर आले, बरोबर कोण होतं, बापाचं नाव काय, आज्याचं काय, कोणाच्या हस्ते काय विधी झाला, सगळं त्यांत लिहिलेलं. यजमान येतात, गाव आणि आडनाव सांगतात, बाबा वही उघडून त्यांना त्यांचे खापरपणजोबा वाचून दाखवतात आणि लोक डोळे पुसतात. या धंद्यात माणसाचं वजन लागतं (८४ किलो नव्हे, दुसरं). चांदवडच्या ठकूबाई बावीस माणसं घेऊन रविवारी येणार होत्या, सकाळी विधी आणि दुपारी पोरांना नवे प्राणी दाखवायला उद्यानात. रविवारीच तर ते प्राणी पहाटे फिरणाऱ्यांखेरीज बाकीच्यांसाठीही खुले होणार होते. म्हणजे सात पिढ्यांच्या यजमानांना गुरुजी सकाळी रामकुंडावर भेटणार आणि दुपारी पिंजऱ्यात.

रविवारच्या आत फलक उतरवायचा. बस. एवढंच काम होतं.

बुधवारी बाबा उद्यानाच्या कार्यालयात गेले. बरोबर आभाला नेलं, कारण अर्ज तिच्या नावावर होता. पण रिक्षात मधे पिशवी ठेवून बसले. कार्यालयातले संतोषसाहेब सभ्य गृहस्थ. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मग नकार दिला.

"फलकाला हात लावता येत नाही, गुरुजी. उद्यान सिन्नरकडे हलवायचं की इथेच ठेवायचं, याचा निर्णय व्हायचाय. तोपर्यंत 'जैसे थे'. परवा माकडांच्या पिंजऱ्याची कडी तुटली, तीसुद्धा जैसे थे आहे."

"माकडं?"

"तीही जैसे थे. समोरच्या झाडावर."

"अहो, पण ते माझं नाव आहे!"

"मग हरकतीचा अर्ज द्या. ओळखपत्र जोडा."

बाबांनी आधार कार्ड टेबलावर ठेवलं. संतोषसाहेबांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, उजेडात धरलं, परत केलं.

"यावरून तुम्ही वेणीमाधव आहात हे सिद्ध होतं. तो नाही, हे कुठे सिद्ध होतं?"

बाबांनी आधार कार्ड उपरण्याला पुसून खिशात टाकलं.

मग ते पिंजऱ्याकडे गेले. तिथे पुंजारामबाबा बादली घेऊन उभे होते. ते आभाच्या मैत्रिणीचे, साक्षीचे आजोबा. बत्तीस वर्षं इथे प्राणी सांभाळतात आणि माणसांपेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलतात. त्यांनी बाबांना हात जोडले.

"तुमीच का ते येनीमाधव? लय उपकार झाले बघा."

"कसले उपकार?" बाबा गुरगुरले.

"ह्यो आला तवापासून चार दिवस तोंडात काय घेत नव्हता. कोपऱ्यात बसून ऱ्हायचा. आमी म्हनलं, जातो आता. मग फलक लागला. मी म्हनलं, बघू, नावानं बोलवू. येनीमाधव, ए येनीमाधव, ऊठ दादा! तर कान टवकारले. उठला. दीड किलो खाल्लं."

"काय खाल्लं?"

"रेड्याचं."

बाबांनी डोळे मिटले. घरात लसूणसुद्धा चातुर्मासात येत नाही. "माझ्या नावाने हा मांस खातो!"

"तुमच्या नावानं खातो म्हनून जगला, गुरुजी," पुंजारामबाबा म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले.

आतमध्ये तरस झोपलं होतं. अडीच वाजले होते. ते घोरत होतं, आणि लांबून ऐकू येत होतं.

गुरुवारपर्यंत सगळ्या पंचवटीने सल्ले दिले. फुलवाल्या सुमनबाई म्हणाल्या, रोज एक मोठा हार पाठवते, फलकावर घाला, झाकलं जाईल. (घातला. तो समोरच्या झाडावरच्या जैसे थे माकडांनी खाल्ला.) समोरचे वकील म्हणाले, तुम्हीच नाव बदला, ते सोपं पडेल. योगिनीकाकू तर सह्यांचा कागदच घेऊन आल्या: 'प्राणिउद्यान हलवू नका'. उद्यान गेलं तर त्यांचं फिरणं, म्हणजे थांबणं, बंद होणार होतं.

"सही? मी?" बाबा कडाडले. "हलवा म्हणावं! उद्याच्या उद्या हलवा! सिन्नरला न्या, घोटीला न्या, नाहीतर चांदव..." आणि जीभ चावली. "चांदवडला नको."

आई अजून मजेत होती. गुरुवारी संध्याकाळी तिचीही मजा संपली. उद्यानात तरसाची मादी आली. (जुन्याला हात लावायला बंदी होती, नवं आणायला नव्हती.) फलक रंगवणाऱ्याला नाव शोधावं लागलंच नाही, पहिल्या फलकावर जोडीदार होताच. "इंदिरा. वय: ४७. स्वभाव: शांत. नजरेने धाक घालते. माहेरी जायची आवड." कारण दीड पानातलं उरलेलं पाऊण पान लिहिता लिहिता आईवर गेलं होतं.

आईने फोटो शांतपणे पाहिला. नजरेने आभाला धाक घातला. मग म्हणाली, "बाकीचं ठीक आहे. पण मला सेहेचाळीस चालू आहे."

आता घरात आभाशी कोणीच बोलत नव्हतं. जेवताना मीठसुद्धा तिला हाताने दाखवून मागावं लागत होतं. सगळ्यात वाईट म्हणजे बाबा रामकुंडावरून लवकर परत यायला लागले. बाजारात कोणीतरी त्यांना पाहून "दगड मारू नयेत रे" म्हणालं होतं. ते त्यांनी घरी सांगितलं नाही. आभाला साक्षीकडून कळलं. त्या रात्री तिला वक्तृत्वाची ढाल बघवेना, तिने ती भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"ए आभे, रडतेस काय?" साक्षी शुक्रवारी शाळेत म्हणाली. "आपल्या नाशकात कुठलीही गोष्ट झाकायची असली तर एकच उपाय असतो."

"कुठला?"

"वाढदिवसाचा फ्लेक्स! चौक झाकतो, सिग्नल झाकतो, आख्खं झाड झाकतो. फलक काय चीज आहे? आणि तो कोणी काढत नाही, कारण कोणाचा आहे ते कोणालाच माहीत नसतं."

आभाला वाटलं, ही मुलगी एक दिवस देश चालवेल. साक्षीच्या चुलत भावाचं, सनीदादाचं, फ्लेक्सचं दुकान होतं. आभाने फोनवर स्पष्ट, स्वच्छ, स्पर्धेच्या आवाजात सांगितलं: चार बाय दोनचा, साधा, 'सुस्वागतम', सात नंबरच्या पिंजऱ्याच्या फलकावर लावायचा.

"चेहरा कोणाचा टाकू?" सनीदादाने विचारलं.

"चेहरा नको."

"बिनचेहऱ्याचा फ्लेक्स? ताई, आठ वर्षं झाली धंद्यात, असा एक पण नाही छापला. लोकांना संशय येतो. वाढदिवस कोणाचा आहे?"

"वाढदिवस बाबांचा आहे, पण..."

"बास! समजलं. टेन्शन घेऊ नका. घरचं काम समजून करतो."

माणसाने घरचं काम समजून काही करू नये, हे आभाला रविवारी कळलं.

रविवार उजाडला. रामकुंडावर सगळं झकास झालं. ठकूबाई ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, हातात काठी, आवाज खणखणीत. बाबांनी वही उघडली, सात पिढ्या वाचल्या, बावीस माणसांनी डोळे पुसले. मग बाबांनी दुपारची तजवीज सुरू केली. सीतागुंफा दाखवली. तपोवन दाखवलं. दोनदा मिसळ खायला घातली. पण ठकूबाईंची पणती पिंकी दर पाच मिनिटांनी एकच विचारत होती, "तरस कधी?"

"मला जरा प्राण्यांच्या केसांचा त्रास होतो," बाबा म्हणाले. "तुम्ही जा, मी इथेच थांबतो."

"गुरुजी, तुमच्याबिगर कसं?" ठकूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. सत्तर वर्षं कांदे काढलेला हात तो. सुटणं शक्यच नव्हतं.

आभा पुढे पळाली. फ्लेक्स लागला असेल, सगळं झाकलं असेल, ती मनात म्हणत होती. वळणावर ती पोचली.

फ्लेक्स लागला होता. चार बाय दोनचा नव्हे, दहा बाय सहाचा. त्यावर आभाने डीपीला ठेवलेला बाबांचा फोटो, सोवळ्यातला. सनीदादाने प्रेमाने त्यांना काळा गॉगल चढवला होता. मागे डोंगर, विजा आणि दोन सिंह. "आमचे लाडके वेणीमाधवशास्त्री यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त पंचवटी मित्र परिवार." आणि हे सगळं फलकावर नव्हे, फलकाच्या बरोबर वर बांधलं होतं.

"फलकावर कसा बांधू, ताई?" सनीदादाने नंतर विचारलं. "खालची माहिती लोकांनी कशी वाचायची?"

म्हणजे आता वर चेहरा, खाली माहिती, मागे तरस. शंकेला जागाच उरली नव्हती.

बावीस माणसं येऊन उभी राहिली. बाबा तेविसावे, आई चोविसावी. त्यांनी वर पाहिलं, गॉगल पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की आभाला वाटलं, आता पिंजऱ्यात मीच जाऊन बसावं. तिथे निदान कोणी ओरडणार नाही. तेवढ्यात पिंकीने वाचायला सुरुवात केली. नुकतंच वाचता यायला लागलेल्या मुलीचा तो आवाज होता, मोठा, एकेक शब्द सोडवत, काही म्हणजे काही न गाळता. स्वभाव. मानेवरचे केस. घोरण्याचा आवाज. शेंगोळी. इंदिरा. दगड.

आणि अशा वेळी मागून पुंजारामबाबांची हाक आली:

"येनीमाधव! ऊठ दादा, जेवायचं हाय!"

"काय?" बाबा दचकून म्हणाले.

आणि आत तरस उठून उभं राहिलं. दोघांनी एकाच वेळी माना वळवल्या. दोघांचे केस उभे होते.

एक सून फसकन हसली. मग दुसरी. मग बावीसच्या बावीस. उद्यानातले बाकीचे लोकही जमले, त्यांनी गॉगल पाहिला, बाबा पाहिले, आणि तेही. बाबा नुसते उभे होते, उपरण्याचं टोक मुठीत घेऊन. आभाने दहा शाळांसमोर भाषण केलं होतं, पण हे भाषण पाठ केलेलं नव्हतं. ती कशीबशी पुढे आली.

"मी लिहिलंय ते," ती म्हणाली. "बाबांबद्दल लिहिलंय. वाढदिवसासाठी. तरसाबद्दल नाहीये. हसू नका ना."

ठकूबाईंनी काठी आपटली. हसणं थांबलं.

"कोन हसतंय रं? गुरुजी, माझ्या आजेसासऱ्याचं नाव तुमच्या वहीत हाय. माझ्या दादल्याचं हाय. ह्या टिंगीचं, पिंकीचं पन आज तुमी लिव्हलं. आन् तुमचं नाव कोन लिव्हतं?"

"आमचं?" बाबांनी विचार केला. "आमचं... कोणी नाही लिहीत."

"मंग? सात पिढ्या दुसऱ्यांची नावं लिव्हली, तुमचं लिव्हलेलं आज पहिल्यांदा पाहिलं. पोरीनं लिव्हलं. चांगलं केलं." त्या फलकाजवळ गेल्या, डोळे बारीक करून, जणू काही वाचता येतं अशा बघत राहिल्या. "आन् झोपंचं तर लय खरं लिव्हलंय. मागल्या टायमाला आमी चार वाजेस्तोवर तुमच्या वट्यावर बसलो व्हतो. उठवायची कोनाची छाती झाली नाय."

आता आई हसली. आणि मग, अगदी नाइलाजाने, एका कोपऱ्यातून, बाबाही.

निघताना बावीस माणसांनी वेणीमाधवबरोबर फोटो काढले. आधी या, मग त्या. पिंकीने दोघांना एकत्र मागितला. बाबांनी नकार दिला, मग गॉगल मागितला.

सोमवारी संतोषसाहेबांचा फोन आला. उद्यान हलवायचं पुढे ढकललं गेलं होतं, अभ्यास करायला एक समिती नेमली होती, म्हणजे बाबांच्या हयातीत काही हलणार नव्हतं. 'जैसे थे' उठला. फलकाबद्दल अर्ज द्या.

बाबांनी अर्ज दिला. आभाने तो चोरून वाचला. दोनच दुरुस्त्या मागितल्या होत्या. वजन ८४ नसून ८१ आहे. आणि सदर प्राण्याचा उल्लेख यापुढे आदरार्थी करावा. शेजारी योगिनीकाकूंचा सह्यांचा कागद पडला होता. त्यावर सगळ्यात वर सही होती: वेणीमाधव दीक्षित. आणि पुढे कंसात, संतोषसाहेबांच्या माहितीसाठी: (माणूस).

बोलत मात्र अजून नव्हते. संध्याकाळी वह्या आवरायचं काम आभाकडे आलं. म्हणजे आईने निरोप दिला की बाबांनी निरोप दिलाय. लाल कापड बांधण्याआधी तिने चांदवडचं पान बघितलं. ठकूबाई, मुलगे, सुना, पिंकी. शाई अजून नवी दिसत होती. तिने पान उलटलं. पुढचं पान कोणत्याच यजमानाचं नव्हतं. त्यावर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"श्री. वेणीमाधव, तरस. मूळ गाव माहीत नाही, हल्ली मुक्काम गोदातीर, पिंजरा क्रमांक सात. पत्नी सौ. इंदिरा, वय ४६. आहाराबद्दल लिहीत नाही. हस्ते: कु. आभा. तिला माफी नाही. उद्या दुपारी चारनंतर बोलेन."